जखमी मासा हलवायचा की मारकुटा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: जुळे सोलापुरात घरी साडेतीन फुटी, अंदाजे अडीचशे लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक, दीड वर्षापासून चालू. आत दोन ओसेलॅरिस क्लाउन मासे, एक डॉमिनो डॅमसेल मासा, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि थोडे सॉफ्ट कोरल. पाच दिवसांपूर्वी पुण्याहून कोरल ब्यूटी हा छोटा एंजल मासा आणला. आता त्याची शेपटी फाटलीय, एका कुशीवर नखाएवढा पांढरा चट्टा पडलाय, दिवसभर तो हीटरमागे वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो आणि दोन दिवसांपासून काही खात नाही. दुकानदार म्हणतो कॉपर टाका, मित्र म्हणतो मिथिलीन ब्ल्यू टाका. दोन्हींपैकी कुठलं टाकू, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. निदान त्या टँकमध्ये तरी नको. कॉपरने श्रिंप मरेल, कोरल जातील, आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) व वाळू ते शोषून पुढे कितीतरी दिवस थोडंथोडं सोडत राहतील. शिवाय कॉपर हे परजीवींवरचं औषध आहे, चाव्यावरचं नाही. आणि कोरल ब्यूटीसारखे छोटे एंजल कॉपरला नाजूकच समजले जातात. मिथिलीन ब्ल्यूचा जखमेवर थोडा उपयोग आहे, पण ते मुख्य टँकमध्ये ओतलंत तर अमोनिया पचवणारे जिवाणू मरतील आणि सिलिकॉनचे सांधे निळे होऊन बसतील. माशाला वाचवायला जाऊन सगळा टँक आजारी पाडाल.

तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी, जाता जाता एक वाक्य आलंय: ‘डॉमिनो अधूनमधून त्याच्या मागे लागतो.’ माझ्या मते खरा प्रश्न तेवढाच आहे. मासा आजारी पडलेला नाही, त्याला मार बसतोय. मार चालू असताना कितीही भारी औषध दिलं तरी उपयोग शून्य. मी इथे सोलापुरात लोकांचे खाऱ्या पाण्याचे टँक लावून देतो आणि सांभाळतो. असे फोन आले की मी औषधाचं नाव सांगण्याआधी एकच विचारतो, मारणारा आणि मार खाणारा अजून एकाच पाण्यात आहेत का?

पण आधी मारणारा कोण हे नक्की करा. आपण काचेसमोर उभे राहिलो की मासे खाण्याच्या आशेने पुढे येतात, तेव्हा सगळे शहाण्यासारखे वागतात. मोबाइल स्टँडवर लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि अर्धा तास खोलीबाहेर जा. मग बघा. कधीकधी गुन्हेगार भलताच निघतो. क्लाउनमधली मादी तिच्या कोपऱ्यात कुणाला फिरकू देत नाही. हे सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा असतो तो मादी होतो, आणि त्या मोठीचा दरारा लहान माशांना चांगलाच सोसावा लागतो. धाकटा क्लाउन तिच्यासमोर अंग थरथरवतो ते फक्त शरणागतीचं लक्षण आहे, त्याला झटके आले म्हणून घाबरून फोन करणारे बरेच भेटतात. मासा दिवसा ठीक असेल आणि रोज सकाळी नवी जखम दिसत असेल तर रॉकमध्ये लपून आलेला खेकडा किंवा मँटिस श्रिंप असू शकतो. रात्री लाल उजेडाच्या टॉर्चने बघा. वेव्हमेकरच्या (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीत अडकूनही शेपटी फाटते, पण धडधाकट मासा सहसा तिथे अडकत नाही, आधीच थकलेला अडकतो. तुमच्या वर्णनात मासा दिवसाढवळ्या वरच्या कोपऱ्यात दडलाय, जखमा शेपटीला आणि कुशीला आहेत. पाठलागाची खूण अशीच असते: पळणाऱ्याला मागून आणि बाजूने चावे बसतात. संशय डॉमिनोवर आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

डॉमिनोचं थोडं सांगतो, कारण त्याच्यावर राग धरून काम होणार नाही. दुकानात अंगठ्याएवढा असतो, काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके. आपल्या समुद्रात भरपूर मिळतो म्हणून स्वस्त, आणि स्वस्त व काटक म्हणून नवा टँक सुरू करताना पहिला तोच सोडतात. पुढे तो १२-१४ सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, ठिपके पुसट होतात आणि स्वभाव तिखट होत जातो. दीड वर्षात त्याने प्रत्येक रॉक, प्रत्येक बीळ स्वतःच्या नावावर केलंय. जुन्या वाड्यातल्या पहिल्या भाडेकरूसारखा तो आता घरमालकालाही जुमानणार नाही. त्यात कोरल ब्यूटी जवळपास त्याच्याच आकाराचा, तसाच उंच अंगाचा आणि दिवसभर रॉक टोचत हिंडणारा. म्हणजे डॉमिनोच्या हद्दीत शिरणं हेच त्याचं रोजचं काम. समुद्रात हरलेला मासा दहा-वीस फूट लांब पळतो आणि भांडण मिटतं. साडेतीन फुटांत पळायला जागाच नाही, त्यामुळे जिंकणाऱ्यालाही भांडण संपलंय हे कळत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: शक्य असेल तर जखमी माशाला हात लावू नका, डॉमिनोला बाहेर काढा. बहुतेक जण उलटं करतात. जखमी मासा जाळीने पकडायचा, वीस मिनिटं त्याला पळवून दमवायचं, मग छोट्या नव्या टँकमध्ये टाकायचं, जिथे पाणी कच्चं, ना रॉक, ना शेवाळ. मार थांबतो हे खरं, पण दगदग दुप्पट होते. शिवाय तो बरा होऊन परत येईपर्यंत डॉमिनोचं राज्य जागच्या जागी असतं आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. उलट डॉमिनो आठ-दहा दिवस बाहेर राहिला तर कोरल ब्यूटीला ओळखीच्या, मुरलेल्या पाण्यात बरं व्हायला सवड मिळते आणि तो टँकमध्ये स्वतःची जागा धरतो. परत येणारा मग डॉमिनो असतो.

आता पकडायचा कसा, कारण रॉकने भरलेल्या टँकमध्ये जाळी घेऊन डॅमसेलच्या मागे लागणं म्हणजे संध्याकाळ वाया घालवणं. डॅमसेल घाबरला की ठरलेल्या बिळात शिरतो आणि तिथून हलत नाही. याचाच फायदा घ्या. एक दिवस बघून ठेवा तो झोपायला कुठल्या रॉकमध्ये जातो. लाइट बंद झाल्यावर तासा-दीड तासाने तो अख्खा रॉक हळूच उचलून टँकच्या पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा. बऱ्याचदा मासा आतच बसलेला असतो. रॉक चिकटवलेले असतील किंवा ढीग कोसळायची भीती असेल तर दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली गळ्याशी कापा, गळा उलटा आत बसवा, आत खाणं ठेवा आणि बाटली टँकमध्ये आडवी ठेवा. पहिल्या दिवशी तो नुसता बघेल. बाकीच्यांना त्या दिवशी कमी खायला घाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी शिरेल. बाटलीवर नजर मात्र ठेवा, क्लाउन आधी अडकायचे.

काढलेला डॉमिनो ठेवायचा कुठे? सम्प (मुख्य टँकला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर सम्पमध्ये, पंपाच्या तोंडाला स्पंज लावून. सम्प नसेल तर टँकमध्येच कोंडवाडा करा. भांड्यांच्या दुकानात झाकणाची जाळीदार प्लास्टिक बास्केट मिळते. नवी घ्या, साबण न लावता धुवा, धातूची कडी-बिजागरी नसल्याची खात्री करा आणि सक्शन कपने किंवा प्लास्टिकच्या टायने काचेला लावा. आत पाइपचा एक तुकडा ठेवला की लपायला जागा होते. त्याला रोज खायला घालायचंच. कोंडायचंय, उपाशी मारायचं नाही. बास्केट कोरल ब्यूटीच्या कोपऱ्यापासून लांब हवी. नाहीतर जाळीतूनही नजरेचा धाक चालूच राहतो.

हे सगळं आज जमणार नसेल तर रात्रीपुरता जुगाड सांगतो. टँकचे लाइट बंद करा, खोलीतही अंधार करा. अंधारात पाठलाग थांबतो. उद्या दिवसा टँकच्या एका बाजूला बाहेरून आरसा चिकटवा. बरेच डॅमसेल आणि टँग स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत बसतात आणि तेवढा वेळ दुसऱ्याला श्वास मिळतो. हे दोन दिवस पुरतं, त्यापुढे डॉमिनोला समजतं.

जखमी मासा हलवावाच लागतो अशाही वेळा येतात, आणि हे परिस्थितीवर आहे, मी इथून बसून ठरवू शकत नाही. कल्ले नेहमीपेक्षा बरेच जोरात हलत असतील, मासा तिरका होत असेल किंवा तळाला पडत असेल, चट्टा रोज वाढत असेल, किंवा क्लाउननीही त्याला टोचायला सुरुवात केली असेल, तर थांबू नका. एकाने सुरुवात केली की बाकीचे हात धुऊन घेतात, हे माशांतही चालतं. डॉमिनो पकडायला दोन-तीन दिवस लागणार असतील तरीही जखमीलाच काढा. पकडताना जाळी वापरू नका. एंजलच्या कल्ल्याच्या झाकणावर काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना आपण आणखी एक जखम करतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्याला कोपऱ्यातून हळूहळू आत सरकवा आणि पाण्यासकट उचला.

हॉस्पिटल टँक फार मोठा लागत नाही, चाळीस-पन्नास लिटर पुरे. वाळू नको, रॉक नको. प्लंबिंगचे पीव्हीसी एल्बो दोन-तीन टाका, त्यात तो लपेल. मागे आणि बाजूंना काळा कागद लावा. वर झाकण हवं, घाबरलेला मासा उडी मारतो. पाणी सगळं मुख्य टँकमधलंच भरा आणि मुख्य टँकला नवीन पाणी द्या. स्पंज फिल्टर मुख्य टँकमध्ये किंवा सम्पमध्ये मुरलेला, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेले असतील तर उत्तम. तुमच्याकडे तसा नसेल तर अमोनिया रोज मोजावा लागेल, आणि दिसला की त्याच दिवशी पाणी बदलावं लागेल. गोड्या पाण्याचे टँक सांभाळलेले लोक इथे फसतात. पीएच ७ ला जेवढा अमोनिया माशाला फारसा जाणवत नाही, तेवढाच पीएच ८.२ ला घातक ठरतो, कारण विषारी रूपातला हिस्सा दहापटीहून जास्त होतो. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा ‘उद्या बदलू’ म्हणायची सोय नाही. निदान पन्नास लिटर आरओ पाणी साठवलेलं आणि वीस-तीस लिटर मीठ मिसळून, रात्रभर पंपाने फिरवलेलं पाणी नेहमी तयार ठेवा. मासा आजारी नसतानाही ठेवा.

आता हॉस्पिटल टँकमधल्या एका गोष्टीवर जास्त बोलतो, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही आणि मला ती औषधापेक्षा मोलाची वाटते. समुद्री माशाच्या रक्तात मीठ भोवतीच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. जिवंत असेपर्यंत हे काम थांबत नाही. खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची संरक्षक भिंत. कुशीवर नखाएवढी भिंत पडली की त्या भगदाडातून पाणी जास्त वेगाने जातं, म्हणजे ज्या माशात आधीच ताकद नाही त्याला दुप्पट राबावं लागतं. आपण पाण्याचा खारेपणा थोडा उतरवला तर हे ओझं हलकं होतं. तुमच्या टँकचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ असेल तर हॉस्पिटल टँक एका दिवसात टप्प्याटप्प्याने आरओ पाणी घालून १.०२० पर्यंत आणा. माशाला उतरणं सोपं जातं, चढणं जड जातं. म्हणून परत नेताना रोज ०.००१ ते ०.००२ एवढंच वाढवा. मुख्य टँकमध्ये हा प्रयोग करायचा नाही, श्रिंप आणि कोरल सहन करणार नाहीत. आणि हे मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. काट्याचा स्वस्त प्लास्टिक हायड्रोमीटर इतक्या बारीक फरकात दगा देतो.

मग मिथिलीन ब्ल्यू? मासा शांत श्वास घेत असेल तर वेगळ्या बादलीत, टँकच्याच पाण्यात, एअर स्टोन लावून, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात एकदा वीस मिनिटांची अंघोळ चालेल. तिरका झाला की लगेच बाहेर. धापा टाकत असेल तर हेही नको, स्वच्छ पाण्यात पडून राहू दे. गोड्या पाण्यात बुडवून काढायचा सल्ला मिळेल, तो परजीवींसाठी आहे. उघड्या जखमेच्या माशावर नको. कापसाने आयोडीन लावणं पशुवैद्य मोठ्या माशांवर करतात. तीन इंची कोरल ब्यूटी हातात धरून आपण ते करायला गेलो तर फायद्यापेक्षा खवलेच जास्त निघतील.

जखम कशी भरतेय हे बघायला रोज त्याच वेळी, त्याच उजेडात फोटो काढा. डोळ्यांना फसायला होतं, फोटो खोटं बोलत नाहीत. ताजा चट्टा पांढरा दिसणं नॉर्मल आहे, तिथले खवले आणि रंग गेलेत. तीन-चार दिवसांत कडा मिटत आत सरकायला लागतील. फाटलेला पर मुळापर्यंत गेला नसेल तर पुन्हा वाढतो, काही आठवडे लागतात, आधी पारदर्शक येतो आणि मग रंग भरतो. उलट चट्ट्याची कड लाल झाली, तो पसरायला लागला, कापसासारखं काही उगवलं किंवा डोळा धुरकट झाला, तर जिवाणूंचा संसर्ग लागला समजा. तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि ते हॉस्पिटल टँकमध्येच, पशुवैद्याला विचारूनच. माणसांच्या कॅप्सूल अंदाजाने फोडून टाकू नका. सोलापुरात माशांवर हात असलेला पशुवैद्य शोधावा लागतो हे मला माहीत आहे. उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे फोटो पाठवून मार्गदर्शन मिळतं का ते विचारता येईल. आणखी एक धोका म्हणजे मार खाऊन खचलेल्या माशावर आठवड्याभरात इक उमटतो: अंगभर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके. एकच मोठा चट्टा म्हणजे जखम, सगळीकडे विखुरलेले बारीक ठिपके म्हणजे परजीवी. पिठाची धूळ बसल्यासारखा थर आणि जोराची धाप दिसली तर तो व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी, त्यात तासातासाला फरक पडतो. मग इथे उत्तराची वाट बघत बसू नका, अनुभवी माणसाला थेट फोन करा.

खाण्याकडे या. दोन दिवस न खाल्ल्याने कोरल ब्यूटी मरत नाही, पण आठवडा गेला तर कठीण. पाठीचा भाग चाकूच्या धारेसारखा आणि पोट आत गेलेलं दिसलं तर वेळ कमी आहे. डॉमिनो निघाल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासा रॉकवरचं शेवाळ टोचायला लागतो, आणि जखमीला मुख्य टँकमध्येच ठेवा असं मी म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. कोरड्या दाण्यांवर अडून बसू नका. घरी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी उबवा. खाऱ्या पाण्यात एअर लावून ती ठेवली की २४ ते ३६ तासांत पिल्लं निघतात, आणि न खाणारा मासाही हलणाऱ्या खाण्याकडे वळतो. बिनमसाल्याची, बिनतेलाची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे) रॉकला रबराने बांधून ठेवा. बाजारातली ताजी समुद्री कोळंबी आरओ पाण्यात धुऊन अगदी बारीक चिरून दिली तरी चालते. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि उरलेलं दहा मिनिटांत काढायचं.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो, दुपारी लाइट जातात आणि चाळीस लिटरचा हॉस्पिटल टँक बघता बघता तापतो. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि जखमी माशाला तोच जास्त लागतो. चिलर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. मुंबईकरांना याचा फार फायदा होत नाही, आपल्याकडे हवा कोरडी असल्याने पाणी चटकन उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतात. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. रोज सकाळ-संध्याकाळ खुणेपर्यंत साधं आरओ पाणी भरा, खारं नाही. नाहीतर आपण कष्टाने १.०२० वर आणलेलं पाणी दोन दिवसांत पुन्हा चढतं. वीज जाते म्हणून बॅटरीचा एअर पंप घरात असू द्या. हिवाळ्यात उलट, रात्री छोटा टँक गार पडतो आणि हीटर लागतोच.

आता परत एकत्र आणणं. माझ्या अनुभवात मासे जखमेने कमी आणि घाईने परत सोडल्याने जास्त गेलेत. चट्टा मिटला, मासा खायला लागला, मालक खूश, डॉमिनो परत टँकमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला फोन. तसं होऊ नये म्हणून कोरल ब्यूटी सलग आठवडाभर मोकळेपणाने हिंडतोय, खातोय आणि पूर्वी डॉमिनोची असलेली बिळं वापरतोय, हे दिसेपर्यंत थांबा. मग रॉकची मांडणी बदला, अगदी निम्मी तरी. जुन्या हद्दीच्या खुणा पुसल्या की दोघांनाही नव्याने जागा शोधावी लागते. त्यानंतर डॉमिनोला त्याच बास्केटमध्ये टँकच्या मधोमध ठेवा, चार-पाच दिवस. या दिवसांत तुम्हाला उत्तर मिळतं. कोरल ब्यूटी जवळून गेला आणि डॉमिनोने दुर्लक्ष केलं, तर संध्याकाळी सगळ्यांना पोटभर घालून, लाइट मंद करून सोडा. तो जाळीवर धडका मारत असेल, पर फुलवून मागे-पुढे फिरत असेल, तर पाचाचे दहा दिवस करा. दहाव्या दिवशीही धडका चालूच असतील तर तो सुधारणार नाही. अडीचशे लिटरमध्ये वाढलेल्या डॉमिनोबाबत मी फार आशा देणार नाही. क्लाउन किंवा गोबीबाबत दिली असती. दुकानदाराला परत द्या, किंवा ट्रिगर, लायनफिशसारखे मोठे मासे पाळणाऱ्या कुणाला द्या, तिथे तो सरळ येतो. जखमी कोरल ब्यूटी परत देऊ नका, दुकानाच्या गर्दीच्या टँकमध्ये तो टिकणार नाही.

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. मासा आडवा पडलाय, पाण्याच्या ओघाबरोबर फिरतोय, जखमेतून आतलं मांस दिसतंय, अशी अवस्था आली तर तडफडत ठेवू नये. मेडिकलमध्ये लवंग तेल मिळतं. छोट्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर ते जोरात हलवून पांढरं दूध करा आणि मासा असलेल्या भांड्यात हळूहळू सोडा; लिटरला अर्धा मिली एवढं प्रमाण लागतं. आधी गुंगी येते. कल्ले थांबल्यावरही पुढची पंधरा-वीस मिनिटं त्यातच राहू द्या. तुमच्या वर्णनावरून तुमचा मासा या अवस्थेच्या जवळपासही नाही.

आज रात्री अमोनिया, नायट्राइट, खारेपणा आणि तापमान मोजा आणि आकडे इथे टाका. सम्प आहे का तेही लिहा, कारण डॉमिनोची सोय त्यावर ठरेल. जखमेचा फोटो बाजूने आणि फ्लॅश न वापरता काढा, आणि डॉमिनो कुठल्या रॉकमध्ये झोपतो ते उद्या सकाळपर्यंत बघून ठेवा.